आत्या आणि न कापायची अंगठी

माझी आत्या बत्तीस वर्षं सोन्याच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या अंगठ्या मोठ्या आणि लहान करत होती. पुढे काचा, आरसे, गार हवा आणि गिऱ्हाइकाला पाणी विचारणारी माणसं. मागे एक लाकडी मेज, एक दिवा, न उघडणारी खिडकी आणि आत्या. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, आमचं सगळं काम परदेशी यंत्रावर होतं. त्या यंत्राचे गुडघे दुखायचे आणि ते घरून डबा आणायचं.

हे काम ती शिकली तेही कुणी शिकवलं म्हणून नाही. आजोबा सोनार होते. त्यांनी हौसेनं आपल्या दोन्ही मुलांना शेजारी बसवलं आणि आत्याला दिवा धरायला उभं केलं. मुलांनी महिन्याभरात कानशी मोडल्या, एकानं बोट भाजून घेतलं, दुसऱ्यानं सोन्याचा तुकडा केरात घालवला. तो दुसरा म्हणजे माझे वडील. 'मला त्यात रस नव्हता,' असं ते अजूनही सांगतात. आत्या तिथेच बसलेली असली तर ती फक्त त्यांच्याकडे बघते, आणि ते विषय बदलतात.

गिऱ्हाइकांविषयी तिचं मत काही फार चांगलं नव्हतं. लोकांना स्वतःच्या बुटाचं माप पाठ असतं, बोटाचं विचारलं की दोरा पुढे करतात. तोही ओला करून, गाठ मारून, खिशात चुरगाळून आणलेला. बोट सकाळी वेगळं असतं, संध्याकाळी वेगळं, उन्हातून आल्यावर आणखी वेगळं. उजव्या हाताचं डाव्याला लागू पडत नाही. आणि सांधा जाड असला तर मुळाशी घेतलेलं माप काही कामाचं नाही. हे ती सांगायची आणि लोक मान डोलावून पुन्हा दोराच पुढे करायचे. अंगठी बरोबर बसली हे कसं ओळखायचं, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, 'सांध्यावर थोडी कुरकुर करून आत जाते ती बरोबर. मुकाट्यानं जाते ती एक दिवस मुकाट्यानं निघूनही जाते.'

तर तिच्या नोकरीच्या बत्तिसाव्या वर्षी दुकानात एक बाई आल्या. सोबत त्यांचे चिरंजीव आणि चिरंजीवांशी लग्न ठरलेली मुलगी. मुलगी दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवायचं काम करत होती. दिवसभर दुसऱ्यांची हाडं वाकवून तिची बोटं चांगली दणकट झाली होती, सांधे ठळक. बाईंनी मखमली डबीतून अंगठी काढली. पाच खड्यांची, जुनी, आतल्या बाजूला बारीक अक्षरं कोरलेली. ही आमच्या सासूबाईंची, मग माझी, आता हिची, असं बाईंनी काउंटरवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. आठवड्यावर साखरपुडा होता आणि अंगठी मुलीच्या सांध्याशीच अडत होती.

काउंटरवर जो माणूस होता त्याला आत्या गोडबोल्या म्हणायची. त्यानं मुलीला मागच्या खोलीत पाठवलं, आणि तिच्यामागून बाईही आल्या. आत्यानं मापाच्या कड्यांचा जुडगा काढला, मुलीला पाच मिनिटं शांत बसवलं, मूठ उघडायला-मिटायला लावली आणि एकेक कडं घालून बघितलं. अंगठी चार मापं लहान होती. आत्या म्हणाली, मागच्या बाजूला कापावी लागेल, मध्ये सोन्याचा तुकडा झाळून बसवू, आतून दोन बारीक गोळ्या लावू म्हणजे सांधा ओलांडल्यावर ती गोल फिरणार नाही. तीन दिवस द्या.

बाई म्हणाल्या, करवत लागणार नाही. तीन पिढ्यांत त्या अंगठीला करवत लागलेली नव्हती आणि आताही लागणार नव्हती. काय थोडीफार ताणता येईल ती ताणा, बाकी बोट होईल बारीक. मुलींनी जरा हात जपला तर बोटं नाजूक राहतात, असंही त्या बोलून गेल्या. चिरंजीव बाहेर आरशात आपला कोट बघत होते.

आत्यानं ताणायला साफ नकार दिला. खडे बसवलेली अंगठी निमुळत्या दांडीवर घालून ठोकली की सोनं पातळ होतं आणि खडे सैल पडतात, हे तिनं बाईंना सांगितलं आणि मग मालकांनाही. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि अंगठी गोडबोल्याकडे दिली. गोडबोल्यानं दोन दिवसांत ती एक माप मोठी केली, चकाकी दिली, आणि बाईंनी त्याचे हात किती हलके आहेत याचं कौतुक केलं. आत्यानं अंगठी कानाजवळ नेऊन हलवली. दोन खडे आत वाजत होते. ती जागेवर जाऊन बसली.

साखरपुड्याला अंगठी साबण लावून चढवली. चढली, कारण बाईंनी स्वतः ढकलली. फोटो झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच तिघंही दाराशी उभी होती. मुलीचं बोट निळं पडलं होतं आणि अंगठीच्या दोन्ही बाजूंनी मांस फुगून वर आलं होतं. घरी तेल झालं, बर्फ झाला, दोरा गुंडाळून झाला. गोडबोल्यानं ते बोट एकदा बघितलं आणि त्याला एकाएकी गोदामात काम आठवलं.

मालकांनी आत्याला हाक मारली. बाई तेव्हाही म्हणत होत्या, कापू नका, काहीतरी करा, ती आमच्या सासूबाईंची आहे. मालकही तेच म्हणायला लागले. आत्यानं मुलीला खुर्चीवर बसवलं, तिचा हात स्वतःच्या पंजावर उंच धरला आणि बाईंना विचारलं, 'अंगठी सासूबाईंची. बोट कुणाचं?'

आत्यानं मग मुलीकडे वळून सावकाश विचारलं, 'कापू का गं?'

मुलीनं आधी चिरंजीवांकडे बघितलं. चिरंजीव म्हणाले, 'आई म्हणेल तसं.' हे वाक्य त्यांनी फोनवरून नजर न काढता उच्चारलं. मग मुलगी म्हणाली, 'मावशी, कापा.'

अंगठी आणि कातडी यांच्यामध्ये सरकवायची एक पातळ पट्टी असते आणि तिच्यावर हातानं फिरवायचं दातेरी चाक. आत्यानं ती पट्टी इतक्या हळू सरकवली की मुलीनं एकदाच श्वास ओढला. दोन-तीन मिनिटं चाक फिरत होतं. मग अंगठी फाकली, बोट सुटलं, आणि एक खडा मेजावर पडून लांब गेला. मुलगी रडली. दुखलं म्हणून नव्हे, मला वाटतं. पण आत्यानं तिला कारण विचारलं नाही. पाण्याचा ग्लास दिला आणि हात वर धरून ठेवायला सांगितलं.

मग सवयीनं तिनं ती कापलेली अंगठी भिंगाखाली धरली. आत कोरलेल्या अक्षरांमध्ये एके ठिकाणी मोकळी जागा होती, आणि त्या जागेच्या दोन्ही बाजूंना केसाएवढ्या फिकट रेघा. आत्यानं दुसऱ्यांदा बघितलं. नंतर भिंग आणि अंगठी मुलीच्या हातात दिली. 'ही आधी कापून वाढवलेली आहे,' ती म्हणाली. 'हा तुकडा मागून घातलाय. काम चांगलं आहे.'

मुलीनं बराच वेळ बघितलं. मग बाईंना विचारलं, 'तुमच्या सासूबाईंची बोटं कशी होती?'

बाई खुर्चीवर टेकल्या. सासूबाईंची बोटं काडीसारखी होती. अंगठी बाईंच्याच लग्नात, बाईंच्याच बोटासाठी वाढवली होती. 'तेव्हाची गोष्ट वेगळी होती,' त्या म्हणाल्या. वेगळी कशी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तीन पिढ्यांचा तो सगळा थाट एका तुकड्याएवढा निघाला.

मालकांनी याचा राग कुणावर काढावा? ज्यानं ठोकून अंगठी बिघडवली त्याच्यावर नाही. गिऱ्हाइकाचा अपमान झाला म्हणून त्यांनी आत्याला बाईंच्या घरी जाऊन माफी मागायला सांगितलं. आत्यानं मेजाचा खण उघडला, आजोबांच्या कानशी, चिमटे आणि फुंकणी फडक्यात गुंडाळली आणि ती घरी आली. आमच्या घरात त्यावरून बरीच चर्चा झाली. माझे वडील म्हणाले, नोकरीत थोडं नमतं घ्यावं लागतं. आत्यानं त्यांना चहा करायला सांगितला.

पहिले आठ दिवस ती ताठ होती. नंतर मात्र तिचं तिलाच काही सुचेना. स्वयंपाकघरातले डबे पुसून झाले, मग पुसलेले डबे पुन्हा पुसून झाले. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बोटांकडे ती बघत बसायची आणि शेजारीण आपली अंगठी सैल आहे हे ऐकून ऐकून कंटाळली. मी तिला इतकं उदास कधी पाहिलं नव्हतं. तिला त्या दुकानाची काडीचीही किंमत नव्हती, कामाची होती.

तिसऱ्या आठवड्यात मालक घरी आले. गोडबोल्यानं तेवढ्या काळात तीन अंगठ्या वाकड्या केल्या होत्या आणि एकीचा खडा फोडला होता. बत्तीस वर्षं ज्यांनी आत्याला 'अहो बाई' म्हटलं ते त्या दिवशी 'ताई' म्हणत होते. आत्यानं त्यांना बसवलं, बोलू दिलं, आणि दोन गोष्टी सांगितल्या. मेज पुढे हवं, गिऱ्हाइकाला दिसेल असं. आणि माप दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. मालकांना हे जड गेलं, कारण मेज पुढे आलं की परदेशी यंत्र संपलं. पण ते हो म्हणाले.

त्या मुलीचं लग्न मोडलं असेल असं मी धरून चालले होते. मोडलं नाही. चार महिन्यांनी ती चिरंजीवांना घेऊन आली, नवी साधी अंगठी निवडली, आणि आत्यानं ती तिच्या बोटाला नीट बसवून दिली, आत दोन गोळ्या लावून. चिरंजीवांनी या खेपेला फोन खिशात ठेवला होता, एवढीच त्यांची प्रगती. मी आत्याला म्हटलं, अशा माणसाशी कशाला लग्न करते ती? आत्या माझ्यावरच उखडली. म्हणाली, तिला विचार, मला काय विचारतेस, मी माप बोटाचं घेते.

ती पुढे सहा वर्षं त्या पुढच्या मेजावर बसली. लोक काम बघायला उभे राहायचे. मालक त्यांना अभिमानानं सांगायचे की कारागीर गिऱ्हाइकाच्या समोर बसवायची कल्पना त्यांची स्वतःची. आत्याला ते सगळं ऐकू यायचं. तिनं कधी दुरुस्त केलं नाही. तेवढा वेळच नव्हता, समोर कुणीतरी दोरा घेऊन उभं असायचं.