कांडीआत्याची शाळा

तमाम भिवंडीकरांस, विशेषतः ज्यांनी मला आजवर सुशिक्षित समजण्याची चूक केली त्यांना, गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की वयाच्या सहा ते नऊ वर्षांपर्यंत मी ज्या शाळेत शिकले, त्या शाळेला पाटी नव्हती, फळा नव्हता, खुर्ची नव्हती. विद्यार्थी दोन होते. तिसरी एक मांजर होती, पण हजेरीच्या वेळी ती नेमकी बाहेर असायची. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका आणि शिपाई या तिन्ही जागांवर एकच बाई होती आणि ती शिकवताना सूत गुंडाळत असे. ही वार्ता मी इतकी वर्षे दडवून ठेवली. आता दडवणार नाही.

ती आमची आत्या. वडिलांची थोरली बहीण. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. तशा कांड्या ती घरी बसून भरायची, म्हणून साऱ्या आळीत तिचं नाव कांडीआत्या. कारखान्यातून सुताच्या लड्या यायच्या, आत्या रहाटाशी बसायची, उजव्या हाताने चाक फिरवायची आणि डाव्या हाताच्या चिमटीतून सूत सोडायची. पडघ्याकडच्या गावात दिली होती तिला. मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी केली, तेव्हा ती एक ट्रंक घेऊन भावाकडे आली. आई सांगायची, पहिलं वर्षभर तिचा रहाट भिंतीकडे तोंड करून असायचा.

तो रहाट वळला तो माझ्या टायफॉईडमुळे. पहिलीत जाऊन मला महिनाही झाला नव्हता आणि मी अंथरूण धरलं. बरी झाले तरी डॉक्टरांनी वर्षभर शाळेत पाठवू नका म्हणून सांगितलं. माझा भाऊ बाळू माझ्याहून वर्षाने लहान. ताई नाही तर मीही नाही, असं त्याने दाराच्या कडीला लोंबकळून जाहीर केलं. वडील पॉवरलूमवर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करणारे. बिघडलेली पोरं दुरुस्त करणं त्यांच्या ड्युटीत बसत नव्हतं.

"पोरं अडाणी राहणार, आक्का," ते म्हणाले.

"कशी राहतील? मी हाय ना. चौथी पास हाय मी. पुरी चौथी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रहाटाने भिंतीकडे पाठ केली आणि आमची शाळा भरली. एका वर्षाची पुढे तीन वर्षं कधी झाली ते कुणालाच कळलं नाही. निदान आत्याने तरी कळू दिलं नाही.

पाढे रहाटावर. चाकाचा एक फेरा, पाढ्याची एक पायरी. आम्ही आळीपाळीने चाक फिरवायचो आणि ती सूत धरायची. "हात फिरला की तोंड फिरलं पायजे," हा तिचा पहिला नियम. दुसरा नियम सूत तुटण्याचा. पाढा चुकला की ती ते सूत तुटल्यासारखंच मानायची. ओरडणं नाही, धपाटा नाही. "तुटलं? तुटू दे. सूतच हाय ते. गाठ मार नि पुढं चल." मग आम्ही खरोखरच दोन बोटांनी हवेत गाठ मारायचो आणि चुकलेला आकडा सुधारून पुढे जायचो. माझा सत्तावीसचा पाढा एके काळी नुसत्या गाठींचा होता.

अक्षरं रंगीत सुताच्या तुकड्यांनी जमिनीवर मांडायची. 'ग' झटकन व्हायचा. 'ज्ञ' मांडताना दुपारचं जेवण राहिलं आणि शेवटी मांजराने तो पळवला. अपूर्णांक भाकरीवर. अर्धी म्हणजे किती, पाव म्हणजे किती, पाऊण म्हणजे किती. उत्तर बरोबर आलं तर खायचं, चुकलं तरी खायचं. बाळू त्यामुळे मुद्दाम पुन्हा पुन्हा चुकायचा. वजाबाकी भिजवलेल्या वालांवर. वीस वाल सोलले, बाळूने चार तोंडात टाकले, तर बिरड्याला किती उरले? "सोळा," मी म्हणायचे. "पंधरा," आत्या म्हणायची. "तू एक गालात धरलायस, बाय."

तिचा भूगोल मात्र पडघ्याला संपायचा. "पडघ्याच्या पुढं गाडी गेली का मला उलटी व्हते. तिथून पुढचं जग तुमच्या बापाला इचारा."

आणि जे येत नसे ते येत नाही म्हणायची. असं म्हणणाऱ्या शिक्षिका मला पुढे फार थोड्या भेटल्या. एकदा बाळूने विचारलं, पृथ्वी गोल आहे तर समुद्र सांडत कसा नाही? आत्याने चाक थांबवलं, पदर नीट केला आणि शेजारच्या लूमवाल्या चाचांच्या दारात जाऊन उभी राहिली. मागांच्या खडखडाटात ती ओरडली, "चाचा, ये दुनिया गोल है, तो पानी कायको नहीं सांडता?"

चाचांनी माग बंद केला. बराच विचार केला. "आपा, ऊपरवाला जाने. हम तो कपडा बुनते हैं."

आत्या परत आली ती खुशीत. "चाचांना पण न्हाय म्हाईत! म्हंजे प्रश्न चांगला हाय. जपून ठेव."

तिसऱ्या वर्षी वडिलांनी विषय काढला. शाळेचे हेडगुरुजी दोघांची परीक्षा घ्यायला तयार होते. "पोरं तयार असली तर वयाप्रमाणे वर्ग देतील," वडील म्हणाले. "नाहीतर हे वर्ष घरीच, आणि पुढच्या वर्षी दोघांनाही पहिलीत. शेंबड्या पोरांच्या रांगेत. आणि मग आळी काय म्हणेल, आक्का? कांडीआत्याने पोरांची तीन वर्षं सुतात गुंडाळली म्हणेल."

"म्हणू तर दे कुणी! पहिले नंबर येतील माजी पोरं." आत्या ताडकन म्हणाली. मग जरा वेळाने, चाकाकडे बघत, "नाहीतरी चौथीच्या पुढचं माज्याकडं काय न्हाय."

परीक्षेआधीच्या आठवड्यात तिने आम्हाला पिळून काढलं. पण मधूनच तिला काहीतरी शिकवायचं राहिल्याचं आठवायचं. खाडीची भरती-ओहोटी दाखवायची राहिली. वालाच्या वेलाला शेंग धरते ते दाखवायचं राहिलं. "शेंग थंडीत धरते. तवर थांबले असते गुरुजी, तर..." ती पुन्हा एकोणीसच्या पाढ्याला लागायची.

परीक्षेच्या दिवशी आत्याने ठेवणीतलं लुगडं काढलं. सकाळपासून ती चुलीशी पुटपुटत होती, "लई उपकार झाले, गुरुजी. लई उपकार झाले." निकाल लागला की म्हणायचं वाक्य ती पाठ करत होती. शाळेत गेल्यावर वडील दाराशी उभे राहिले आणि आत्या उंबऱ्याबाहेर टेकली. गुरुजींनी तिला बजावलं, "बाई, मध्ये एक शब्द बोलायचा नाही." आणि मला म्हणाले, "हाताची घडी घाल. एकोणीसचा पाढा म्हण."

मी हाताची घडी घातली आणि माझं तोंड बंद पडलं.

खोटं सांगत नाही, एकोणीस एके एकोणीससुद्धा आठवेना. हात बांधलेले, चाक नाही, सूत नाही. गुरुजींनी छडीने टेबल वाजवलं. वडिलांनी मान खाली घातली. मला समोर पहिलीचा वर्ग दिसू लागला, आणि आळीतून मान खाली घालून चाललेली आत्या.

मी दाराकडे पाहिलं. आत्या एक शब्द बोलली नाही. तिने फक्त उजवा हात मांडीपासून उचलला आणि हवेत एक फेरा दिला.

माझी घडी आपोआप सुटली. हात फिरू लागला आणि तोंडही. एकोणीस, अडतीस, सत्तावन्न, शहात्तर, पंच्याण्णव, एकशे चौदा, एकशे तेवीस... चुकलं. मी थांबले, दोन बोटांनी हवेत गाठ मारली, "एकशे तेहेतीस," म्हटलं आणि एकशे नव्वदपर्यंत भरधाव गेले.

"हे मधे काय केलंस?" गुरुजींनी विचारलं.

"तुटलं होतं. गाठ मारली."

गुरुजींनी छडी खाली ठेवली. बाळूसाठी त्यांनी फळ्यावर गोल काढला, त्याचा एक तुकडा पुसला आणि विचारलं, "किती राहिलं?"

"पाऊण," बाळू म्हणाला. आणि काळजीने पुढे, "पण पाव कुणी खाल्ली?"

आज मी स्वतः मुलांना शिकवते. माझ्या वर्गात कुणाला हाताची घडी घालावी लागत नाही, आणि चुकलेलं पोर आधी गाठ मारतं, मग पुढे जातं. बाहेरचे बघायला येतात तेव्हा वर्गात चाळीस बोटं हवेत वळवळताना पाहून त्यांना वाटतं, ही काहीतरी नवी पद्धत दिसते. मी गप्प बसते. आत्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात तिला आमची नावं आठवत नसत; पण मी उशाशी बसून एकोणीसचा पाढा सुरू केला की पांघरुणाखाली तिचा उजवा हात फिरायला लागायचा.

पण मला ती आठवते ती त्या उंबऱ्यावरचीच. गुरुजींनी चष्मा काढला आणि निकाल सांगितला. मुलगी चौथीत, मुलगा तिसरीत, दोघंही उद्यापासून दिवसभर शाळेत. वडिलांनी कौतुकाने बहिणीकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. आत्या उठली, लुगडं सारखं केलं, हात जोडले. सकाळपासून घोकलेलं वाक्य म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि साऱ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या तोंडून निघालं:

"गुरुजी, एक तरी नापास करा ना वो!"