क्लच गेला तो गुरुवार

मी सहा महिने दत्तगुरूंशी अबोला धरला होता. देवाशी अबोला धरणारी ही कोण लागून गेली, असं कुणालाही वाटेल. पण माझा स्वभावच तसा. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, उत्तर चुकलं की चूक कुठे झाली ते शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी सगळं आयुष्य मागे जाऊन तपासलं आणि मला आमची चूक कुठे सापडेना. कोलकात्याच्या खिदिरपूर बंदरावर कस्टममध्ये नोकरी करून हा माणूस निर्व्यसनी निवृत्त झाला. सासूबाईंनी लग्नात दिलेल्या दत्ताच्या तसबिरीपुढे मी दर गुरुवारी समई लावत होते. मग हे का? उत्तर मिळेना, तशी मी समई लावणं बंद केलं. हे सोफ्यावर बसून आपलं नामस्मरण करत राहिले, आणि त्याचाही मला राग यायचा.

बालीगंजच्या आमच्या फ्लॅटपासून बायपासजवळच्या हॉस्पिटलात दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस. गाडी मीच चालवायची. त्यातच गाडीच्या क्लचने मान टाकली. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नवीन प्लेट बसवून घेतली, पण गाडी घरी आली ती पेडल मऊ घेऊनच. दाबावं तर कधी लागायचं, कधी नुसतं खाली जायचं. परत नेली. तिथल्या साहेबांनी मलाच समजावलं की नवीन क्लच आहे, बसायला वेळ लागतो, शिवाय मॅडम, तुमची पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय चांगली नाही. चौतीस वर्षं गाडी चालवतेय मी! त्या काउंटरवर मी असा काही आवाज चढवला की रांगेतली माणसं फोन बाजूला ठेवून बघायला लागली. तिसऱ्यांदा बुधवारी गाडी मिळाली ती धुऊन, पुसून, आत अत्तर मारून. पेडल मऊ ते मऊच. मी म्हटलं, उद्या डायलिसिस उरकू आणि तसंच शोरूम गाठू.

इथे माझी चूक झाली, आणि ती आमच्यासारख्यांचीच होऊ शकते. जन्म गेला कोलकात्यात, पण घरात सणवार चालतात ते मराठी पंचांगाचे. गौरी कधी, हे तोंडपाठ. पण विश्वकर्मा पूजा आली, हे आम्हाला कळतं ते गल्लीत भोंगा वाजायला लागल्यावर. त्या दिवशी इथला एकही कारागीर हत्याराला हात लावत नाही. पाने, जॅक, हातोडे सगळं धुऊन, हळदकुंकू लावून देवापुढे मांडलेलं असतं. वर्कशॉप बंद, गॅरेज बंद, ऑटोवाले गाड्यांना हार घालून स्टँडवर पूजेला. तो गुरुवार नेमका विश्वकर्मा पूजेचा होता.

सोमवारी यांचा रक्तदाब एकदम उतरल्यामुळे डायलिसिस अर्ध्यावर थांबवावं लागलं होतं. त्यामुळे गुरुवारी सकाळी पाय सुजलेले, आणि दोन वाक्यं बोलली की धाप. फुप्फुसात पाणी भरायला लागलं की काय होतं, ते डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. यांना मागच्या सीटवर उशीला टेकवून बसवलं आणि निघाले. पूल उतरून कसब्याच्या रस्त्याला लागलो, गिअर बदलायला पाय दाबला, आणि पेडल खट्‌कन जमिनीला जाऊन तिथेच पडलं. परत वर आलंच नाही. दोन भल्या माणसांनी ढकलून गाडी कडेला लावून दिली. शोरूमचा फोन कुणी उचलेना. अ‍ॅपवरच्या टॅक्सीने दोनदा होकार देऊन रद्द केलं. अ‍ॅम्ब्युलन्सवाले म्हणाले, चाळीस मिनिटं तरी लागतील. वर आकाशभर या पूजेला उडवतात ते पतंग, चारी बाजूंना गाणी, आणि आरशात यांचे ओठ निळसर दिसायला लागलेले. मी बॉनेटवर हात आपटून चक्क भांडले दत्ताशी. सहा महिन्यांत पहिल्यांदा बोलले ती अशी. म्हटलं, माझ्यावर राग आहे ना, मग माझ्यावर काढ. यांचं काय चुकलं?

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, काय झालं. साठी उलटलेला एक माणूस उभा होता. स्वच्छ पांढरा पायजमा, डोळ्यांवर ऑपरेशननंतर देतात तसला मोठा काळा चष्मा, हातात झेंडूची माळ. म्हणाला, मी मिस्त्री आहे, पाण्याच्या टाकीमागे माझं गॅरेज आहे. मला रडूच फुटलं. मी घाईघाईने सगळं सांगितलं आणि बॉनेट उघडायला गेले, तर त्याने मान हलवली. आज हत्यारं ठाकुरांपुढे, म्हणजे देवापुढे आहेत. आणि गाडी चालवून पोहोचवावी, तर आठवड्यापूर्वीच मोतीबिंदू काढलेला, डोळ्यांपुढे सगळं धुरकट. मग काय उपयोग, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने मागे वाकून यांच्याकडे पाहिलं, यांचा श्वास ऐकला, आणि काही न विचारता माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला.

“दीदी, गाड़ी आप चलाएँगे. मैं सुनूँगा.”

बिनक्लचची गाडी चालते, हे मला ठाऊक नव्हतं. त्याने इंजिन बंद करायला लावलं, बंद गाडीतच पहिला गिअर टाकायला लावला आणि म्हणाला, आता चावी फिरवा. गाडी दोन आचके देऊन चालायला लागली. पण पहिल्या गिअरवर किती जाणार? इंजिन ओरडायला लागलं. माझा डावा पाय सवयीने त्या मेलेल्या पेडलला दाबतच होता. ते त्याला कसं कळलं कोण जाणे, म्हणाला, हा पाय उचलून घ्या, आज त्यालाही सुट्टी द्या. मी पाय उचलला. मग त्याने अ‍ॅक्सिलरेटर सोडायला सांगितला आणि गिअर दुसऱ्याकडे न्यायला. मी दात-ओठ खाऊन ढकलला, तर आतून असा खरखराट झाला की मी हात मागे घेतला.

“जोर मत कीजिए. हाथ हल्का रखिए. गाड़ी खुद लेगा.”

त्याने डोळे मिटले असावेत, चष्म्यामुळे दिसत नव्हतं. मान किंचित कलती करून तो इंजिन ऐकत होता. मी गिअरवर नुसता हात ठेवला. इंजिनचा आवाज खाली उतरत गेला, आणखी उतरला, आणि तो हळूच म्हणाला, “एबार.” म्हणजे, आता. आणि गिअर गेला. मी काहीही केलं नव्हतं. लोण्यात सुरी जावी तसा तो आपणहून आत गेला. आयुष्यभर मी सगळं रेटत आले. मुलांना, शाळेला, दवाखान्याला, देवाला. आणि माझ्या हाताखाली एक गोष्ट न रेटता, तिची वेळ झाली म्हणून, घडली होती.

तिसराही तसाच गेला. मागून यांचं नामस्मरण ऐकू येत होतं, धापेमुळे तुटत तुटत. इंजिनाची घरघर, ते नाम, आणि मध्येच त्या माणसाचं “एबार”. बायपासच्या मोठ्या सिग्नलला थांबावं लागलं, तेव्हा मला घाम फुटला. त्याने शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सगळं करून घेतलं, आणि मागचे हॉर्न वाजवत असताना गाडी आचके देत निघाली. भीती कुठे गेली, ते मला सांगता येणार नाही. त्या गाडीत आम्ही तिघंच नव्हतो असं मला वाटलं. यापेक्षा जास्त मला काही म्हणायचं नाही, कारण ते सिद्ध करता येत नाही आणि मी गणिताची बाई आहे.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं, यांना आत नेलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलंत. मी धावत खाली आले, तर मिस्त्री निघून गेला होता. सीटवर झेंडूची दोन फुलं तेवढी पडली होती.

अशा गोष्टींत पुढे तो माणूस कुणालाच सापडत नाही. मला सापडला. दुसऱ्या दिवशी शिऱ्याचा डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेले, तर तो तिथेच, काळा चष्मा लावून, मदतनिसावर खेकसत होता. मागून हॉस्पिटलातून गाडी ओढून आणवली. त्याने मदतनिसाला गाडीखाली घातलं आणि स्वतः चाचपून पाहिलं. क्लचच्या केबलचं टोक शोरूमवाल्यांनी नुसतंच अडकवलं होतं, धरून ठेवणारी क्लिप बसवलीच नव्हती. दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, माझ्यापायी काल तुमची पूजा राहिली. त्यावर तो म्हणाला, भटजीच दोन तास उशिरा आले, म्हणून तर मी फुलं आणायला पायी निघालो होतो. आणि पूजा म्हणाल तर ती तुमच्या गाडीत झालीच की. एवढं बोलून तो दुसऱ्या गाडीकडे वळला. मी तिथेच, तेलाच्या डागांवर, त्याला वाकून नमस्कार केला. तो बिचारा कमालीचा ओशाळला.

हे अजून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. किडन्या काही परत आल्या नाहीत. त्या गुरुवारी संध्याकाळी घरी येऊन मी समई घासली आणि लावली. यांनी नुसतं पाहिलं आणि हसले. पूर्वी मी तसबिरीपुढे बसले की मागण्यांची यादी वाचायची, आणि एखादी राहिली तर परत पहिल्यापासून. आता नुसती बसते. पुढचा रिपोर्ट काय येईल, किती दिवस आहेत, असं मनात आलं की आतून तोच खरखराट ऐकू येतो आणि कळतं, मी पुन्हा ढकलायला लागले. मग हात हलका करते. गिअरवरून काढत नाही, ढकलतही नाही. ऐकणारा शेजारी बसला आहे. वेळ झाली की तोच म्हणेल, एबार.