आठवा फोन कुणाचा?

थांबा, बाकी सगळं नंतर, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बसलेय, चहावर साय धरलीय आणि मी दोन्ही अंगठ्यांनी टाईप करतेय. चुका झाल्या तर होऊ देत. आत्ता आईने एक फोटो पाठवला. लोणावळ्याजवळच्या ज्या बंगल्याची देखभाल ती अकरा वर्षं करतेय, त्याच्या मालकांनी हॉलमध्ये एक पाटी लावलीय, लॅमिनेशन बिमिनेशन करून. ‘आमच्या निरीक्षणास आले आहे की नवीन मोबाइल वायफायला आपला खरा पत्ता देत नाहीत.’

आमच्या निरीक्षणास! वा! म्हणजे साहेब दुर्बीण लावून बसले होते आणि त्यांना ते दिसलं. त्या ‘निरीक्षणा’त माझ्या आईच्या हातातून चाव्या काढून घेतल्या होत्या, ते नाही लिहिलं पाटीवर. जागा कमी पडली असेल.

तर नीट सांगते. बंगला डोंगराच्या पोटात आहे. तिथे मोबाइलला रेंज म्हणजे गच्चीच्या एका कोपऱ्यात एक दांडी, ती पण वारा असेल तसा. पण बंगल्यात वायफाय आहे, एकदम फास्ट. साहेब राहतात पुण्यात, बंगला सुट्ट्यांना पाहुण्यांना देतात. आणि साहेबांना एकाच गोष्टीची भीती, की आपलं वायफाय कुणीतरी फुकट वापरेल. सोफा वापरा, गाद्या वापरा, लॉनवर रात्रभर नाचा, चालेल. वायफाय नाही. म्हणून त्यांनी भिंतीवरच्या वायफायच्या डब्यात अशी सोय करून घेतली की ज्या फोनचा पत्ता यादीत आहे तोच आत येणार, बाकीचे बाहेर.

फोनचा पत्ता म्हणजे फोनच्या सेटिंगमध्ये असतो तो, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून बारा, दोन-दोनच्या जोड्या. तो आईने वहीत लिहायचा, वहीचा फोटो साहेबांना पाठवायचा, आणि साहेब पुण्यात खुर्चीत बसून तो यादीत घालणार. प्रत्येक पाहुण्याचा. पाहुणा एका दिवसासाठी आला तरी. दाराशी बॅगा खाली ठेवायच्या आत आई वही घेऊन उभी, “फोन दावा, पत्ता लिवायचाय.” पाहुणे म्हणायचे, “मावशी, पत्ता अंधेरीचा देऊ की गावचा?” आणि खी खी हसायचे. प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी हा जोक करणारा असायचाच. आईला तो दीडशे वेळा ऐकून पाठ झालेला.

आई चौथी शिकलेली, मराठी शाळेत. तिला इंग्रजी सहाच अक्षरं येतात, ए ते एफ. कारण त्या पत्त्यात तेवढीच असतात, एफच्या पुढचं एक पण येत नाही. ती अक्षरं ती स्वतःच शिकली, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिरवून. बी म्हणजे “पाठ सरळ केल्याला आठ”. डी म्हणजे “पोट आल्याला एक”. एकदा एक इंजिनिअर पोरगा तिला पत्ता सांगताना “ओ” म्हणाला. आई म्हणाली, “ओ नसतंय त्याच्यात. शून्य आसंल, नीट बघ.” त्याने बघितलं. शून्यच होतं. त्या पोराचं तोंड बघायला मी पाहिजे होते.

आणि मी काय करायचे? मी हसायचे. आमच्या औंढ्याच्या घरी ती शुक्रवारी वहीत रेघा मारत बसायची तेव्हा मी म्हणायचे, “आली बघा तलाठी!” कधी उघडून बघितली नाही ती वही. मी, जी नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत कॉम्प्युटर सेक्शनला शिकाऊ म्हणून लागलेय आणि सगळ्या गावाला सांगत फिरते की मला यातलं कळतं. एकदा जरी बघितलं असतं तर पुढचं झालं नसतं. असो. माझ्यावर पण थुंकून झालं, आता पुढे.

गेल्या महिन्यात जोडून सुट्ट्या आल्या. शनिवारी सकाळी नऊ पाहुणे उतरले. आईने नऊ पत्ते लिहिले, फोटो पाठवला, साहेबांनी यादीत घातले. आणि मग गंमत. चार फोनांना नेट लागलं, पाच फोनांना लागेना. आधी एखादा फोन अडला तर अडला, एकदम पाच कधी अडले नव्हते. पाहुणे ओरडायला लागले. साहेबांनी पुण्यातून फोनवर सांगितलं, वायफाय विसरा आणि परत जोडा. दोघांनी केलं तसं. तरी लागेना. आणि मग साहेबांनी आपल्या पुण्याच्या लॅपटॉपवर त्या डब्याचं पान उघडलं. तिथे लाल पट्टीत लिहिलेलं, अनोळखी फोन सात.

बाराला आईला वायफायवरून फोन, स्पीकरवर. शेजारच्या बंगल्यावर कामाला असलेले भाऊ तिथेच पाण्याची टाकी धूत होते, त्यांनी मला सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

“मावशी, तुम्ही नऊ लिहून दिलेत.”

“व्हय साहेब, नऊच आल्यात.”

“मग हे सात कोण?”

“कुटलं सात?”

“सात फोन बाहेरून आत घुसायला बघतायत. म्हणूनच पाहुण्यांना नेट मिळत नाहीये. तुमच्या वस्तीतली पोरं कंपाउंडच्या भिंतीला येऊन बसतात ना?”

“न्हाई ओ साहेब. हितं कुणीच न्हाई.”

“मशीन खोटं बोलत नाही, मावशी. मी येतो.”

हे ‘तुमच्या वस्तीतली’ म्हणताना त्यांनी जो आवाज काढला, तो भाऊंनी मला काढून दाखवला. मला तो टाईप करता येत नाही. ज्यांनी तो ऐकलाय त्यांना कळेल, ज्यांनी नाही ऐकला त्यांचं नशीब.

आणि बघा ना, अकरा वर्षं. त्या घरात पाहुण्यांच्या अंगठ्या सापडल्यात, घड्याळं सापडलीत, एकदा तर बेसिनवर मंगळसूत्र राहिलेलं, आईने साडीच्या टोकाला गाठ मारून ते दुसऱ्या दिवशी परत केलं. तेव्हा साहेब म्हणायचे, “मावशी म्हणजे घरच्याच.” आणि भिंतीवरच्या डब्याने लाल पट्टी दाखवली तर घरच्या मावशी एका मिनिटात बाहेरच्या झाल्या. डबा आला दोन वर्षांपूर्वी. त्याला पगारी सुट्टी पण नाही लागत, मग लाडका असणारच.

साहेब चारला आले. गाडीतून उतरले, आधी कंपाउंडच्या बाहेरून एक फेरी मारली. भिंतीला कोण बसलेलं? एक शेळी. मग आत येऊन, भाऊंच्या समोर, आईला म्हणाले, “चाव्या द्या.” आईने कमरेचा जुडगा काढून हातावर ठेवला. “सोमवारी बघू काय करायचं ते,” असं म्हणाले.

मी पहिली पाळी करून आईला न्यायला साडेचारला पोचले. आई बाहेरच्या पायरीवर बसलेली, दोन्ही हात मांडीवर उताणे. ती कधी अशी रिकामी बसत नाही, गेला बाजार मेथी तरी निवडत असते.

“काय झालं?”

“मी चोरून लोकं घेतली म्हणं आत.”

एवढंच म्हणाली. मग मला खालच्या आवाजात म्हणाली, “काम गेलं तर जाऊ दे गं. दुसरं भेटंल. पर हितनं अशी गेले तर ह्या आळीत मला दुसऱ्या कुठल्या बंगल्यावर उभं करतील का? चोर म्हणूनच बघतील.”

मी आत गेले. साहेब लॅपटॉप उघडून बसलेले, पाच पाहुणे त्यांच्या डोक्यावर उभे, नेट नेट करत. मी वही मागितली, लॅपटॉपवरचे सात अनोळखी पत्ते बघितले आणि मला अक्षरशः हसायला आलं. कारण कंपनीत माझा स्वतःचा नवा फोन लावताना सेम हेच झालेलं! आमच्या सिनिअरने मला तेव्हा सगळ्यांसमोर येडी म्हटलेलं. नवीन फोन काय करतात, सेटिंगमध्ये आपला जन्माचा पत्ता दाखवतात, पण वायफायसमोर गेले की दुसराच पत्ता सांगतात, बनवलेला. कुणी माग काढू नये म्हणून. आणि काही काही फोन तर वायफाय विसरून परत जोडलं की तिसराच बनवतात.

“साहेब, हे सात फोन बाहेरचे नाहीत. हे पाच जण आहेत ना, यांचेच आहेत. पाच आणि परत जोडलेले दोन, सात.”

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही खुर्ची बोलली.

“बाळ, तू काय करतेस?”

“कॉम्प्युटर सेक्शनला आहे, कंपनीत.”

“शिकतेयस अजून. मी वीस वर्षं सिस्टीममध्ये आहे. फोन स्वतःचा पत्ता कशाला बदलेल?”

वीस वर्षं! कुठल्या सिस्टीममध्ये होते देव जाणे, सांडपाण्याची पण सिस्टीमच असते. मी म्हटलं, “तुमचा फोन नवीन आहे ना? इथल्या वायफायला लावलाय कधी?”

“नाही अजून. पण माझा फोन व्यवस्थित आहे. महागातला आहे.”

“मग लिहू या वहीत. आई, ये गं आत.”

आई आली. पदराला हात पुसले, वही घेतली. साहेबांना काय नाही म्हणता येईना, पाहुणे बघत होते, भाऊ दारात. त्यांनी सेटिंग उघडून फोन पुढे केला. आई एकेक अक्षर बघून लिहायला लागली, आणि एवढं सगळं झाल्यावर पण सवयीने म्हणाली, “जरा सरळ धरा, हात हालतोय तुमचा.”

बारा अक्षरं लिहिली. साहेबांनी स्वतःच्या हाताने ती यादीत घातली. मी म्हटलं, एकदा ताडून बघा. बघितली. बरोबर होती. मग फोन वायफायला जोडला. गोल फिरतंय, फिरतंय, फिरतंय. नाही लागलं. आणि लॅपटॉपवर लाल पट्टी. अनोळखी फोन आठ.

एका पाहुण्याला ठसका लागला, तो हसूच होतं. आणि आईने लॅपटॉपकडे बघितलं, मग साहेबांकडे. टोमणा मारायचा म्हणून नाही हां, तिला खरंच विचारायचं होतं असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, नाही, चांगलाच मारायचा होता. एकदम शांत आवाजात म्हणाली,

“साहेब, हा आठवा कुटल्या वस्तीतला?”

भाऊ दारातून सरळ बाहेर गेले, खांदे हलताना दिसले मला त्यांचे.

मी साहेबांच्या फोनमधली ती खोट्या पत्त्याची सोय बंद केली. वायफाय लागलं एका सेकंदात. मग त्या पाच जणांची केली. सगळ्यांना लागलं, आणि सगळे लगेच माना खाली घालून आपापल्या फोनात गेले. ज्या बाईवर इतका वेळ चोरीचा आळ होता तिच्याकडे एकानेही परत वर बघितलं नाही. नेट आलं ना, विषय संपला.

आणि साहेब? साहेब म्हणाले, “हं. सेटिंगचा इश्यू होता.” चाव्या टेबलावर ठेवल्या आणि बोटाने आईकडे सरकवल्या. टेबलावरून. नकोसं बिल सरकवतात तशा.

आई हलली नाही.

“घ्या मावशी.”

“तशा नगं. भाऊ, जरा आत या.” भाऊ आले. “घेताना ह्यांच्या म्होरं माझ्या हातातनं घेतल्या. तशाच द्या.”

मला वाटलं आता साहेब भडकणार. पण पाहुण्यांमधल्या एका बाईने पहिल्यांदाच फोनवरून मान वर केली आणि म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं.” मग साहेब उठले. चाव्या उचलल्या आणि आईच्या हातावर ठेवल्या. “गैरसमज झाला, मावशी,” असं म्हणाले.

झाला! ऐका ना हे वाक्य. गैरसमज झाला. कुणी केला? कुणीच नाही. आपोआप झाला, धुकं पडतं तसा. ‘मी केला’ म्हणायला काय जीभ झडते? माफीचा शब्द मागितला होता का कुणी? नुसतं ‘माझं चुकलं’, दोन शब्द, त्यांच्या त्या बारा अक्षरांपेक्षा कमी अक्षरांत बसले असते.

आईने चाव्या कमरेला खोचल्या आणि वही साहेबांच्या लॅपटॉपवर ठेवली. “ही आता तुमची तुमी लिवा. मी घर बघीन.” आणि आत जाऊन पाहुण्यांच्या चहाचं आधण ठेवलं.

परत येताना स्कूटीवर मी तिला म्हटलं, मी असते तर चाव्या तोंडावर फेकल्या असत्या. ती मागून म्हणाली, “फेकल्या आस्त्या तर सगळी म्हणली आस्ती, सापडली म्हणून पळाली.” मला राग येत होता आणि तिचं बरोबर पण होतं, आणि त्या बरोबर असण्याचा अजूनच राग येत होता.

जेवायची सुट्टी संपली, सुपरवायझर बघतोय. पटकन सांगा तुम्ही, तुमच्या घरात झालंय का असं? एखाद्या डब्याने, कॅमेऱ्याने, मशीनने काहीतरी दाखवलं आणि वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या माणसाने तुमच्या आईला, बापाला सरळ खोटं ठरवलं? आणि मग खरं कळल्यावर तुम्हाला काय ऐकायला मिळालं, ‘मी चुकलो’ की ‘गैरसमज झाला’?