खडूची बातमी, शाईची बातमी

सुमती श्रीधर गोळपकर, हा लेख तुला लिहावयाचा होता. नाखरेकर सरांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथाच्या संपादकांनी शब्द टाकला तेव्हा तू होतीस; लेख न्यावयास ते घरी आले तेव्हा नव्हतीस. म्हणून तुझ्या जागी मी लिहितो आहे. विशेषणे कमी ठेवा, असे तू म्हणाली असतीस. तसा प्रयत्न करतो.

वाचकांस सांगितले पाहिजे की, माझी पत्नी रत्नागिरीतील आंबा व मासळी निर्यातदार मंडळाच्या व्यापारवार्ता कक्षात सरांची सहायिका होती. भास्करराव नाखरेकर हे वाणिज्य शाखेचे निवृत्त प्राध्यापक. हा कक्ष त्यांनीच उभा केला. कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती. सुमती मुलाखतीस गेली त्या दिवशी मी सोबत होतो. सरांचे प्रथम दर्शन तेच. त्यांनी तिला पदवी विचारली नाही. आखाती बाजारातील दरांचे एक कात्रण पुढे सरकवून विचारले, "हे कोणी पाहिले?"

"सर, यात ते लिहिलेलंच नाही."

"उद्यापासून या," सर म्हणाले.

कक्षाची शिस्त साधी होती. परदेशातील दर, जहाजे, आयातीचे नियम यांविषयीची बातमी एकाच ठिकाणी आढळली, तर ती फळ्यावर खडूने लिहावयाची. दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणाहून दुजोरा मिळाला, तरच कागदावर शाईने लिहून शेजारच्या फलकावर लावावयाची. खाली ती कोठे वाचली आणि केव्हा, याची नोंद. दिवसाच्या अखेरीस सुमती फळ्याच्या तळाशी लिहीत असे: दार बंद केले, किल्ल्या परत दिल्या.

"ही पण बातमीच काय ओ, बाय?" सभासद थट्टा करीत.

"हिला दोन साक्षी आहेत. कुलूप आणि सर."

पुढे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आले. मुंबईची इंग्रजी अर्थविषयक दैनिके दुपारी हाती पडत, परदेशी साप्ताहिक तर आठवडा उलटल्यावर. संगणकावर तेच मजकूर सकाळी दिसू लागले. सुमतीने इंटरनेटचा आग्रह धरला. मंडळाचे चिटणीस म्हणाले, मग दैनिकांची वर्गणी कशाला? दोहोंपैकी एकच ठेवा. निर्णयासाठी एका शनिवारी सायंकाळी सभा ठरली.

त्या शनिवारी मी कक्षात होतो. पोफळीच्या वीजगृहात मी अभियंता. दर शनिवारी रत्नागिरीस येत असे. सकाळपासून वीज दोनदा गेली होती. त्या संगणकाचे घड्याळ वीज गेली की बिघडे. सुमती भिंतीवरच्या रोज पान फाडावयाच्या दिनदर्शिकेवरून तारीख पाहून ते हाताने लावीत असे. दुपारी पाहतो तो फळ्यावर तिच्या अक्षरात: 'दुबई बंदरात कीडनाशक धूरप्रक्रियेचा दाखला नसलेला आंबा घेणे बंद.' खाली एका संकेतस्थळाचे नाव, आणि 'आज'.

मंडळाचे सभासद दत्ताराम शिवलकर फळ्यासमोर उभे होते. त्यांची परदेशी जाणारी ती पहिलीच खेप. आंब्याच्या पेट्यांनी भरलेला ट्रक बाहेर उभा होता.

"बाय, पाठवू का नको ते सांगा. आज गाडी सुटली नाय नि जहाज चुकलं, तर तो दुबईचा व्यापारी पुन्हा दारात उभा करायचा नाय. आणि माल तिथं अडला तर आंबा समुद्रात टाकायचा." मग माझ्याकडे वळून, "काय ओ साहेब, वीज करताव तुम्ही पोफळीत आणि काळोख आमच्या वाट्याला!"

सुमतीचा चेहरा उतरला होता. तिचे इंटरनेट खरे ठरले, तर शिवलकरांचा मोसम जात होता. खोटे ठरले, तर सायंकाळी सभेत ते बंद होणार होते.

एवढ्यात स्थानकावरून दैनिके आली. सरांनी तिन्ही चाळली. बंदराविषयी अवाक्षर नव्हते.

"नाय ना? मग सोडतो गाडी," शिवलकर म्हणाले.

"थांबा," सर म्हणाले. "छापील कागद गप्प आहे, एवढ्यावरून बातमी खोटी ठरत नाही. त्याला यायलाच उशीर होतो."

सरांनी एक दैनिक उचलून संगणकाच्या पडद्याशेजारी धरले. दोन्हींच्या माथ्यावरून त्यांनी बोट फिरवले.

"गोळपकर, तुम्ही पोफळीहून आलात, म्हणजे आज शनिवारच ना?"

"शनिवारच, सर."

"दैनिकही शनिवारचेच आहे. या पानाच्या डोक्यावर मात्र रविवार आहे. सुमतीबाई, उद्याची बातमी आज कशी आली?"

सुमतीने दिनदर्शिकेकडे पाहिले. तेथेही रविवारच होता. दोन पाने एकदम फाडली गेली होती. त्या संकेतस्थळावरील तारीख बातमीची नव्हतीच; ती आमच्याच संगणकाचे घड्याळ पाहून उमटत होती. बातमीला स्वतःची तारीख कोठेच नव्हती.

"म्हणजे ही केव्हाची आहे, ते आपल्याला ठाऊक नाही," सर म्हणाले. "आता माणसाला विचारू."

कक्षात तार एकच. इंटरनेट तोडून शिवलकरांच्या दुबईतील भाच्याला फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा पलीकडचा आवाज आम्हा सर्वांना ऐकू आला: "मामा, बंदर चालू हाय! तो दाखला गेल्या मोसमात मागत व्हते, मग मागायचं सोडलानी. काल माल उतरला की!" ट्रक निघाला.

सायंकाळी चिटणीस म्हणाले, "फजिती झालीच ना? हे संगणकाचे खूळ बंद करा."

सुमती उठणार, तोच सर उभे राहिले. "चूक संगणकाची नाही. दिनदर्शिकेचे जास्तीचे पान मी फाडले. दैनिक शेजारी नसते, तर चूक कळली नसती. आणि केवळ दैनिकांवर राहिलो, तर उद्या खरी बंदी आली तरी ती उशिरा कळेल. दोन्ही ठेवा. यापुढे पानाची नव्हे, बातमीची तारीख लिहू." दोन्ही राहिली. घरी येताना सुमती मला म्हणाली, "पान मीच फाडलं होतं हो. सरांना ते ठाऊक आहे."

गेल्या वर्षी ती गेली. रुग्णालयातून मीच कक्षात फोन केला. सरांनी विचारले, "गोळपकर, खरं का?" मी म्हणालो, "हो, सर." ते फळ्यावर खडूने लिहितील, असे मला वाटले होते; खडू पुसता येतो. दुसऱ्या दिवशी गेलो, तर फलकावर शाईने लिहिलेला कागद होता. खाली नोंद: 'यजमानांनी सांगितले.' दुसऱ्या ठिकाणच्या दुजोऱ्याची वाट सरांनी पाहिली नव्हती.

सरांची दृष्टी दैनिकांतील बारीक अक्षर वाचण्याइतकी तेज राहो, प्रकृती निकोप राहो, आणि आपल्या शंभराव्या वाढदिवसाची बातमी त्यांनी स्वतः, दोन ठिकाणी पडताळून, शाईने लिहून फलकावर लावावी, ही प्रार्थना.

हा लेख मी कक्षात, सुमतीच्या टेबलाशी बसून पुरा केला. किल्ल्या घेण्यासाठी सर बाहेर बाकावर थांबले आहेत. फळ्याच्या तळाशी जागा होती, तेथे मी खडूने लिहिले आहे: दार बंद केले, किल्ल्या परत दिल्या.