रफूवहिनींच्या मशीनमधली दुसरी पट्टी

रफूवहिनींनी दिराला स्क्रूड्रायव्हर खुपसला, ही बातमी तळमजल्यावरून निघाली आणि चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत दिराला टाकेही पडले होते. खोटं आहे सगळं. रक्त आलं, पण थेंबभर, आणि तेही दिराच्याच उतावळेपणाने. स्क्रूड्रायव्हर वहिनींच्या हातात होता, एवढं मात्र खरं. तो खुपसावा असं त्यांना वाटलंच नसेल, अशी शपथ कोणी त्यांच्या वतीने घेऊ नये.

रफूवहिनी हे नाव आमच्या जिन्याने ठेवलेलं. कापडाला करतात तसा या बाई फोटोंना रफू करतात. भिजलेले, कुरतडलेले, रागाच्या भरात फाडून नंतर रडत जपलेले फोटो लोक आणून देतात. वहिनी ते स्कॅन करतात आणि कॉम्प्युटरवर एकेक डाग पुसत बसतात. जीभ कातरीसारखी, पण हात असा हलका की बुजवलेली भेग त्यांची त्यांनाही पुन्हा सापडू नये.

दीर खालच्या मजल्यावर राहतात. खिशात कायम पक्कड, म्हणून पक्कडभाऊजी. त्यांनी दुरुस्त केलेला आमचा पंखा उत्तम फिरतो, फक्त दिवा लावला की थांबतो.

‘मोठे फोटो उघडताना मशीन दमतं,’ असं वहिनी जेवताना बोलून गेल्या. झालं! दुसऱ्या दिवशी भाऊजी रॅमची, म्हणजे मशीनची मेमरी वाढवायची, पट्टी घेऊन हजर. भंगारात निघालेल्या कुठल्याशा मशीनमधून उपटलेली. कंपनी वेगळी, वेग वेगळा, आतल्या पट्टीशी लांबचंही नातं नाही.

“जुनीशी जुळेल ना हो भाऊजी?”

“वहिनी, मेमरी ती मेमरी. खाचेत बसली म्हणजे जुळली!”

पट्टी बसली. भाऊजींनी पत्त्यांचा खेळ लावून दाखवला, दोन डाव जिंकले आणि चहा पिऊन गेले. पत्त्यांना मेमरी लागते चिमूटभर, तेवढं पहिल्या पट्टीतच भागतं. रफूला लागते टोपलीभर. वहिनींनी मोठा फोटो उघडला की काम दुसऱ्या पट्टीत शिरायचं आणि तिथेच सगळा घोळ व्हायचा. पण हे तेव्हा कोणाला ठाऊक?

त्या वेळी हातात होता निवृत्त पोस्टमनकाकांच्या आईचा फोटो. आईचा तेवढा एकच फोटो उरलेला, आणि घडी नेमकी चेहऱ्यावरून गेलेली. वहिनी ती घडी बुजवत आणायच्या आणि पडदा निळा होऊन मशीन गपकन मरायचं. दात-ओठ खात त्यांनी काम पुन्हा केलं, सेव्ह केलं आणि काकांना बोलावलं. फाईल उघडली, तर आईच्या गालावर हिरवेगार पट्टे.

“हे... तुमच्याकडून झालं?” काकांनी इतक्या हळू विचारलं, की त्यापेक्षा शिवी परवडली असती.

नवरा म्हणाला, “डोळे तपासून घे.” तपासले, ठणठणीत. “मग हात थरथरत असेल.” आणि पक्कडभाऊजींनी तर जिन्यात, चार माणसांत जाहीर केलं, “वहिनींचं आता वय झालं हो. कामं देऊ नका त्यांना, लोकांचे फोटो फुकट जायचे.”

वरच्या पायरीवर वहिनी कचऱ्याची बादली घेऊन उभ्या होत्या. बादली उलटी झाली नाही, हे भाऊजींचं नशीब. घरात येऊन त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला. थरथरत होता की! पण संतापाने. आणि खरी चीड याची, की हात असा धरून बघायची वेळ या लोकांनी आपल्यावर आणली.

त्याच तिरीमिरीत त्यांनी काकांचा फोटो नव्याने स्कॅन केला. डाग पुसला नाही, रेघ ओढली नाही. नुसता सेव्ह केला, मशीन बंद करून पुन्हा लावलं, फाईल उघडली. पट्टे! मी हातच लावला नाही, मग थरथरलं कोण? हे सुरू कधी झालं? भाऊजींची पट्टी बसली त्या दिवसापासून! वहिनींनी टेबलाखालच्या डब्याकडे असं पाहिलं, जसं आजवर फक्त नवऱ्याकडे पाहिलं होतं.

सकाळी काका फोटो परत न्यायला आले. “दुसरीकडे देतो,” म्हणाले.

“बसा काका. भाऊजी, वर या!” हाक अख्ख्या जिन्याला गेली. दार वहिनींनी सताड उघडंच ठेवलं. “तुमचा हात तरणाबांड. तुम्ही नव्याने स्कॅन करा हा फोटो, मोठा करा, सेव्ह करा. मी लांब उभी आहे.”

भाऊजी ऐटीत बसले. स्कॅन केला, मोठा केला, सेव्ह केला, पुन्हा उघडला. आईच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत जांभळे पट्टे.

“व्होल्टेज,” भाऊजी म्हणाले.

“व्होल्टेज? माझ्या वेळी वय आणि तुमच्या वेळी व्होल्टेज?” वहिनींनी मशीनची वायर उपटली आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. “सरका.”

डब्याचं झाकण निघतं न निघतं तोच “थांबा, पट्टी मीच काढतो!” म्हणत भाऊजींनी घाईघाईने आत हात घातला. पत्र्याची धार बोटाला लागली आणि ते असे किंचाळले, की जिन्याने टाके मोजायला घेतले.

वहिनींनी त्यांना बाजूला ढकललं आणि पट्टी उपसून काढली. मशीन पुन्हा लावलं. फोटो स्कॅन केला, सेव्ह केला, उघडला. हळू उघडला, पण आईचा चेहरा स्वच्छ. नुसती जुनी घडी तेवढी. काकांनी फोटोचं पाकीट वहिनींच्या टेबलावर परत ठेवलं.

भाऊजी बोट चोखत खाली गेले. दारात गर्दी बघून नवरा कानाशी कुजबुजला, “अगं, घरातलं घरात ठेवायचं. सगळ्यांसमोर कशाला?”

वहिनी म्हणाल्या, “मी म्हातारी झाले, हे तुमच्या भावाने जिन्यात सांगितलं ना? मग मी झाले नाही, हेही जिन्यातच सांगणार.”