रॅम्प, सिमेंटचा, एक

काकूंचं डोकं त्या दिवशी सकाळीच फिरलं होतं, आणि फिरणार नाही तर काय! तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला व्हीलचेअर लावून बसायचं आणि समोर, रस्त्याच्या पलीकडे, आपल्यालाच मंजूर झालेल्या तळमजल्याच्या घराचं कुलूप बघत राहायचं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठ महिने! जिनं तीस वर्षं फोन एक्स्चेंजमध्ये बसून अख्ख्या गावाला गावाशी जोडून दिलं, तिला स्वतःला रस्त्यापर्यंत जाता येईना. मणक्याचं दुखणं वाढलं, पाय गेले, आणि जिना तेवढा राहिला. आठ महिन्यांत त्या दोनदा खाली उतरल्या. दोन्ही वेळा दवाखान्यात जायला, आणि दोन्ही वेळा चार माणसांनी साध्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून.

आणि घर मिळत नव्हतं असंही नाही हो! माजी सैनिकांच्या कॉलनीतलं घर, अपंगांसाठी राखीव, रीतसर मंजूर. अडलं होतं ते एका सहीपाशी. ती सही काकूंच्या नवऱ्यानं करायची होती, आणि काकूंचा नवरा ती करत नव्हता.

कॉलनीत त्यांना सगळे मोजणीकाका म्हणत. फौजेत एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलेलं. बूट, तंबू, कंदील, पाण्याचे कॅन, जे येईल ते मोजून घ्यायचं, जे जाईल ते मोजून द्यायचं. माणूस निवृत्त झाला, मोजणी काही निवृत्त झाली नाही. दुधाच्या पिशव्या मोजणार, इस्त्रीचे कपडे मोजणार, पाहुणे निघाले की दारातल्या चपला मोजणार. लग्नाला तीन महिने झाले असतील तेव्हाची गोष्ट. बदलीच्या गावी निघाले होते. काकांनी स्टेशनवर सात नग मोजले, सातही चढवले, पुन्हा मोजले, निश्चिंत होऊन बसले. गाडी हलली तेव्हा काकू नळावर पाणी भरत होत्या. धावत येऊन शेवटचा डबा पकडला त्यांनी. वर हा माणूस काय म्हणाला असेल? “यादीत तू नव्हतीस ना!”

आता या घराची यादी ऐका. ताबा घ्यायचा तर आधी घरातल्या वस्तूंची यादी ताडून बघायची आणि खाली सही करायची. दारं चार, खिडक्या पाच, नळ तीन, पंखे दोन. इथपर्यंत सगळं बरोबर. मग पुढच्या दाराशी पायऱ्या तीन. त्याही होत्या. आणि त्याच्याखाली ठळक अक्षरात, रॅम्प, सिमेंटचा, एक.

रॅम्प नव्हता. तीन पायऱ्या, बाजूला वाळलेलं गवत, बस. कधी बांधलाच नव्हता कुणी. कागदावर मात्र गेल्या वर्षीच बांधून झाला होता.

“काका, कागदावर आहे म्हणजे आहे,” कल्याण कार्यालयातला ताब्याचा बाबू म्हणाला होता. “सही करा, किल्ली घ्या. रॅम्पचं मागाहून बघू.”

“मग ‘रॅम्प नाही’ असा शेरा लिहितो आणि सही करतो.”

“शेरा लिहिलात तर यादी परत बांधकामाकडे जाईल. तिथून कधी येईल ते देव जाणे. कोरी सही हवी.”

काकांनी पेन खिशाला लावलं आणि घरी आले. मग पत्रं सुरू झाली. चौदा पत्रं, प्रत्येकाच्या तीन प्रती. तेरा पत्रांना ‘आपल्या मागणीची नोंद घेण्यात आली आहे’. चौदाव्याला मात्र खरंखुरं उत्तर आलं. नोंदीनुसार सदर घरास रॅम्प उपलब्ध आहे, सबब नवीन रॅम्प मंजूर करता येत नाही. काकूंनी ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण इथे सहाचे आठ झाले होते.

आणि त्या सकाळी, ज्या सकाळी डोकं फिरलं, पंधरावं पत्र आलं. हे कार्यालयानं आपणहून पाठवलेलं होतं. महिनाअखेरपर्यंत ताबा न घेतल्यास वाटप रद्द समजून घर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या अर्जदारास देण्यात येईल. महिना संपायला बारा दिवस होते.

“अहो, करा सही!” काकू ओरडल्या.

“रॅम्प कुठाय?”

“खड्ड्यात गेला तुमचा रॅम्प!”

“खड्ड्यात असता तरी चाललं असतं,” काका शांतपणे म्हणाले. “खणून मोजला असता.”

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता या माणसाला काय म्हणावं? सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही! बरं, हा हट्ट कुठून आला ते त्यांना माहीत नव्हतं अशातलाही भाग नव्हता. काकांनी ते आयुष्यात एकदाच सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी. नोकरीला नुकतेच लागलेले, डोंगरातल्या चौकीवर पोस्टिंग. सामानाचा ट्रक आला. कागदावर स्ट्रेचर बारा, ट्रकमध्ये अकरा. वरचे साहेब म्हणाले, कर रे सही, एक मागून येईल. यांनी केली. दोन महिन्यांनी दरड कोसळली आणि बारा जण जखमी झाले. अकरा जण स्ट्रेचरवरून खाली गेले. बाराव्याला घोंगडीत घालून नेला. तो खाली पोहोचला नाही.

तेव्हापासून न बघितलेल्या वस्तूवर या माणसानं सही केली नव्हती. काकूंना ते कळत होतं. पण कळलं म्हणून पाय चालायला लागतात का? त्यांनी बोलायचं नाही ते त्या दिवशी बोलून टाकलं.

“त्या बाराव्यासाठी तुमचा जीव तुटतो, मान्य. तो गेला बिचारा. मी अजून जिवंत आहे ना! मला का या खुर्चीत मारताय? आठ महिने झाले, माझ्या पायाला माती लागलेली नाही. तुमची ती सही तुम्हालाच लखलाभ होवो. पुढचा अर्जदार येईल, सही करेल, राहील सुखानं. आणि मी इथून त्याची वाळत घातलेली कापडं मोजत बसेन!”

काकांनी पत्राची घडी घातली. पायात चपला सरकवल्या आणि खाली गेले. जेवायलाही आले नाहीत. काकूंना वाटलं, फारच लागलं वाटतं. मग वाटलं, लागू दे. मग परत वाईट वाटलं. मेलं हे मनही धड एका बाजूला राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर काका कुलूप लावलेल्या त्या घरासमोर गुडघ्यावर बसलेले. शेजारी वाळूचा ढीग आणि सिमेंटचं पोतं. दुसऱ्या मजल्यावरचा डायव्हरभाऊ, हाही फौजेतलाच, ट्रक चालवायचा, तो विटा आणून टाकत होता. काकूंनी गजाला धरून हाक मारली.

“अहो! हे काय चाललंय?”

“रॅम्प!” खालून उत्तर आलं. “झाला की मोजतो आणि सही करतो!”

आता हसावं की रडावं? सरळ सही करून मग रॅम्प बांधला असता तर कोण विचारणार होतं? पण नाही. आधी वस्तू, मग सही. एकाहत्तर वर्षांचा माणूस, कंबर धरलेली, थापी कशी धरतात ते डायव्हरभाऊकडून शिकतोय. पहिल्या दिवशी चढण इतकी उभी केली की डायव्हरभाऊ म्हणाला, “काका, यावरून काकू नाही, तोफ चढवावी लागेल!” दुसऱ्या दिवशी फोडून पुन्हा सुरुवात. लांबी वाढवली, गवत उपटलं, टेपनं मोजून मोजून उतार धरला. काकू दिवसभर वरून बघायच्या आणि वरूनच ओरडायच्या. उन्हात टोपी घाला! पाणी प्या! डावीकडून खाली गेलंय बघा! तीस वर्षं लोकांना ‘थांबा, जोडून देते’ म्हणणारा तो आवाज, सगळी कॉलनी ऐकत होती. नवव्या दिवशी काकांनी वर कठडा बसवला आणि वर बघून हात हलवला. काकूंनी तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दाखवायचे नव्हते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ताब्याचा बाबू यादी आणि किल्ली घेऊन यायचा होता. काकूंनी ठरवलं, मीही येणार. डायव्हरभाऊनं दोन शेजारी बोलावले. व्हीलचेअर जिन्यात वळत नाही, म्हणून तो म्हणाला, “आज पटकन चादरीत घेऊन उतरवू या का काकूंना? हलकं पडेल.”

“चादर नाही!” काका इतक्या जोरात ओरडले की तिघेही दचकले. मग हळू आवाजात म्हणाले, “ती साधी खुर्ची घ्या. मी पुढून धरतो.” आणि तिन्ही मजले ते उलटे, पाठीमागे पाऊल टाकत उतरले. खुर्चीचे पुढचे पाय त्यांच्या हातात होते आणि नजर काकूंवर.

बाबू आला तो रॅम्प बघून जागीच थबकला. “हे कुणी बांधलं? परवानगी कुठाय? हे अनधिकृत बांधकाम आहे काका! पाडावं लागेल!”

“यादी वाचा,” काका म्हणाले.

बाबूनं यादी वाचली. मग रॅम्पकडे पाहिलं, परत यादीकडे पाहिलं. हा रॅम्प अनधिकृत म्हणायचा तर अधिकृत रॅम्प कुठे गेला ते लिहून द्यावं लागणार. त्यानं घाम पुसला. “असू दे, असू दे. गेल्या वर्षीचाच आहे. करा सही.”

काकूंना इतकं हसू आलं की त्यांनी पदर तोंडाला लावला. डायव्हरभाऊनं त्यांना घडी करून खाली आणलेल्या व्हीलचेअरवर बसवलं. त्यांनी चाकांना हात घातला आणि कुणालाही हात लावू न देता, दमत, थांबत, एकट्या वर चढल्या. घराच्या दारात पोहोचल्या आणि वळून बसल्या.

काका यादीवर एकेक खूण करत होते. दारं चार. खिडक्या पाच. नळ तीन. पंखे दोन. रॅम्प एक. मग रॅम्पची खूण करायच्या घाईत सोडलेल्या वरच्या ओळीशी येऊन पेन थांबलं.

“काय झालं?” बाबू म्हणाला.

“पायऱ्या तीन,” काका म्हणाले.

सगळ्यांनी खाली पाहिलं. पायऱ्या नव्हत्या. कुठून असणार? त्यांच्यावरच तर काकांनी विटा रचून रॅम्प घातला होता. नऊ दिवस मोजमाप केलं आणि नेमकं हेच डोक्यातून निसटलं. काकांचा चेहरा असा पडला की काकूंना आधी चीड आली, मग आणखी चीड आली.

“शेरा लिहितो,” काका पुटपुटले. “पायऱ्या नाहीत...”

“काका, शेरा नको हो!” बाबू रडकुंडीला आला. “आज शेवटची तारीख आहे! संध्याकाळपर्यंत कोरी सही नाही मिळाली तर घर जाईल!”

“पण दिसत नाहीत. जे दिसत नाही ते मी...”

“अहो!” काकूंचा आवाज आला. “आता खणून मोजणार आहात का?”

काकांनी यादीवरून मान वर केली.

“ते बारावं स्ट्रेचर तुम्ही बघितलं नव्हतं. दुसऱ्यानं सांगितलं आणि तुम्ही सही केली. या पायऱ्यांवर तुम्ही नऊ दिवस गुडघे टेकलेत. पहिल्या दिवशी तीनही पायऱ्या घासून धुतल्यात, मी वरून बघितलंय. प्रत्येक पायरीवर तुमच्या हातानं सिमेंट पडलंय. त्या गेल्या कुठे? माझ्या खुर्चीखाली आहेत. त्यांच्यावरूनच तर मी वर आले.” काकूंनी कठड्यावर हात आपटला. “आणि आज तरी मलाही मोजा. स्टेशनवर राहिले होते मी, आठवतंय? यादीत नव्हते म्हणून. आता या दारात बसलेय. एक. आहे की नाही?”

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग रॅम्पच्या कडेला वाकले, तळहात सिमेंटवर टेकवला आणि ओठ हलले. एक, दोन, तीन. पायऱ्यांपुढे खूण केली आणि सही केली. कोरी, तारखेसह. बाबूनं किल्ली हातात ठेवली आणि तो जवळजवळ पळतच गेला.

काकांनी दार उघडलं. आत धूळ, बंद घराचा वास, भिंतीवर कुणाच्या तरी कॅलेंडरचा खिळा. “चल, आत ये,” ते म्हणाले. “खिळा यादीत नाही, तो जास्तीचा आहे.”

काकू आत गेल्या नाहीत. त्यांनी चाकं वळवली आणि रॅम्पवरून खाली निघाल्या. उतार बरोबर होता, खुर्ची कुठे धावली नाही की अडकली नाही.

“अगं, कुठे निघालीस?”

“दूध आणायला.”

“दूध आहे घरात! दोन पिशव्या. सकाळीच मोजल्यात मी.”

“माहीत आहे,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्ची रस्त्याला लावली.