ऊदशिवाय व्हायोलिन

मंडळी, आज कल्याणात आमच्या संगीतिकेची तालीम मोडली.

फाळणीत मूल हरवलेल्या आईची ही गोष्ट. ती मुलाला हाका मारते तेव्हा इराकमधल्या बसऱ्याहून परतलेले दाऊदचाचा ऊद हे अरबी तंतुवाद्य छेडतात आणि मी व्हायोलिनवर साथ करतो.

आमच्या मंडळाचे कार्यवाह म्हणाले, "अहो, ते अरबी सूर काढा. मुसलमानी वाटतात, पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना टोचतील."

आईचं काम करणाऱ्या कमलाबाई स्वतः सिंधहून आलेल्या, इथल्याच निर्वासित छावणीत राहतात. त्या म्हणाल्या, "हमसे तो किसी ने पूछा नहीं."

चाचा ऊद गवसणीत घालून निघून गेले. मीही संतापून वाजवायला नकार दिला. कार्यवाहांनी प्रयोगच रद्द केला.

कमलाबाई दारात थांबून मला म्हणाल्या, "अब हम जैसों की बात कौन सुनाएगा?"

तेव्हापासून जिवाला चैन नाही. तुम्ही काय केलं असतं?